फिल्म जमली, तेल मात्र खवटलं

सोमवारी सकाळी लॅबमध्ये आले, फ्लास्क उचलून हलवला आणि पोटात धस्स झालं. शुक्रवारी संध्याकाळी ठेवून गेले तेव्हा आतलं द्रावण पातळ मधासारखं होतं, ढवळायचं मॅग्नेटिक बीड त्यात कसंबसं फिरत होतं. आता तेच बीड भिंगरीसारखं गरगरत होतं आणि द्रावण पाण्यासारखं हिंदकळत होतं. हवा आत येऊ नये म्हणून लावलेला नायट्रोजनचा सिलिंडर मधेच कधीतरी संपलेला. रंग मात्र छान फिकट तपकिरी आला होता. म्हणजे हवं ते थोडंफार घडलं होतं, पण त्याच्या जोडीला भलतंही काही घडून बसलं होतं.

काय करत होते ते आधी सांगते. अन्न गुंडाळायची अशी फिल्म बनवायची होती की जी जैविक पदार्थाची असेल, टाकल्यावर कुजेल आणि वर आतला तेलकट पदार्थ खवट होऊ देणार नाही. पहिल्या दोन अटींसाठी उमेदवार पुष्कळ आहेत: स्टार्च, जिलेटिन, अल्जिनेट, सेल्युलोज आणि त्याचे भाऊबंद. खरी मेख तिसऱ्या अटीत. मी कायटोसान घेतलं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचात कायटिन असतं. 1811 साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं, पण कवचातून नव्हे, अळंब्यांतून. कायटिन तीव्र अल्कलीत तापवलं की त्यावरचे बरेचसे ॲसिटिल गट गळून पडतात आणि कायटोसान हाती येतं. साध्या पाण्यात ते ढिम्म विरघळत नाही. पाण्यात एक-दोन टक्के ॲसिटिक ॲसिड घातलं की त्याच्या अमिनो गटांवर प्रोटॉन बसतात, साखळ्यांवर धन भार येतो, त्या एकमेकींना ढकलायला लागतात आणि हळूहळू सगळं द्रावणात उतरतं. पसरून वाळवलं की पारदर्शक पापुद्रा. ही पहिली फिल्म सोलून उजेडात धरली तेव्हा मला वाटलं होतं, सहा महिन्यांत काम उरकेल.

आता खवटपणा. तेलातल्या असंतृप्त मेदाम्लांमध्ये दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याच्यावरचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात. उजेड, उष्णता किंवा लोहासारख्या धातूचा अंश, कशाच्या तरी निमित्तानं त्यातला एक निसटला की मागे जोडीविना एक इलेक्ट्रॉन उरतो. हाच फ्री रॅडिकल. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूतही असे दोन एकटे इलेक्ट्रॉन असतातच, त्यामुळे या दोघांचं लगेच जमतं आणि पेरॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो शेजारच्या मेदाम्लाचा सैल हायड्रोजन ओढून घेतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत होतो, पण शेजाऱ्याला रॅडिकल करून ठेवतो. त्या शेजाऱ्याला पुन्हा ऑक्सिजन भेटतो. एका ठिणगीवर शेकडो रेणू कामी येतात. हायड्रोपेरॉक्साइडला वास नसतो. तो पुढे फुटतो तेव्हा जे अल्डिहाइड बाहेर पडतात, त्यांचा तो ओळखीचा खवट वास.

जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीपटलाच्या ऱ्हासाचं प्रकरण उघडा, हीच गोष्ट शब्दशः सापडेल. तिथे तेलाऐवजी पटलातले फॉस्फोलिपिड असतात, एवढाच फरक. माझं मूळ शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. 1969 साली मॅक्कॉर्ड आणि फ्रिडोविच या जीवरसायनशास्त्रज्ञांनी सुपरऑक्साइड नावाचा रॅडिकल निकामी करणाऱ्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमचं काम दाखवून दिलं आणि आपल्या शरीरात रॅडिकल रोज तयार होतात, त्यांच्यासाठी खास बंदोबस्तही असतो, हे लोकांना मानावं लागलं, एवढं मला पाठ होतं. पॅकेजिंगमध्ये आले ती याच भरवशावर: शरीर जे करतं ते फिल्मला शिकवायचं, त्यात अवघड काय? या भरवशाचं पुढे काय झालं ते येईलच.

ठरवलं असं की कायटोसानच्या साखळीला गॅलिक ॲसिड जोडायचं. गॅलिक ॲसिड हा छोटा रेणू, त्यावर तीन फिनॉलिक हायड्रॉक्सिल गट. रॅडिकल समोर आला की तो आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि स्वतः जो रॅडिकल होतो तो इतका सुस्त असतो की साखळी पुढे सरकत नाही. नुसतं मिसळलं तर ते फिल्ममधून पाझरून निघून जाईल, म्हणून रासायनिक बंधानं बांधून टाकायचं. आणि बांधायची जी सोपी, विषारी काही न वापरणारी पद्धत आहे, ती रॅडिकलचीच! हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व, एकत्र केलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल सुटतात. ते कायटोसानच्या साखळीवरचा हायड्रोजन उपटतात आणि त्या मोकळ्या जागी गॅलिक ॲसिड येऊन चिकटतं. रॅडिकल अडवणारी फिल्म रॅडिकल वापरूनच बनवायची. मला ही कल्पना इतकी आवडली होती की सेमिनारमध्ये याच वाक्यानं सुरुवात केली होती.

हायड्रॉक्सिल रॅडिकलला निवड करता येत नाही, ही यातली गोम. तो जेमतेम काही नॅनोसेकंद टिकतो आणि पहिला जो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. कायटोसानची साखळी साखरेच्या कड्यांची. त्यातल्या एखाद्या कड्यातला सोयीचा हायड्रोजन त्यानं काढला तर आपलं काम होतं. दोन कड्यांना जोडणाऱ्या बंधाशेजारच्या कार्बनवरचा काढला तर तो बंधच तुटतो, हजारो कड्यांच्या साखळीचे दोन तुकडे होतात. मग त्या तुकड्यांचे तुकडे.

गाईड मॅडमनी फ्लास्क तिरका करून पाहिला. काही न बोलता पेरॉक्साइडची बाटली फ्रीजमधून काढून माझ्यापुढे ठेवली.

"यातलं किती घातलंस?"

"एक मिली, मॅडम. 5 मोलर, एक मिली."

"5 मोलर कुठाय इथे? लेबल वाच."

लेबलवर 30 टक्के. म्हणजे जवळजवळ 10 मोलर, हवं त्याच्या दुप्पट तीव्र. पातळ करायची पायरी मी वहीत लिहिली होती, केली नव्हती. त्यात 24 तासांची अभिक्रिया तीन दिवस चाललेली, आणि नायट्रोजन संपल्यावर हवेतला ऑक्सिजनही आत शिरून मेजवानीला बसलेला. "बांधायला गेलीस आणि कातरून आलीस," एवढंच म्हणून त्या लेक्चरला गेल्या.

तरीही हट्टानं मी त्या पाण्याची फिल्म ओतलीच. दोन दिवसांनी डिशमध्ये फिल्म नव्हती, खपल्या होत्या. नखानं एक उचलायला गेले तर तिचा चुरा झाला. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात म्हणून फिल्मला ताकद येते. आखूड तुकड्यांना गुंतायला लांबीच नसते. हे वाचलेलं होतं, पण ते नखाखाली कसं लागतं हे तेव्हा कळलं.

यानंतरचे दोन महिने व्हिस्कोमीटरसमोर गेले. काचेच्या नळीत द्रावण भरायचं, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर मोजायचं. वेळ जास्त म्हणजे साखळ्या लांब. पेरॉक्साइड कमी करत गेले तशी साखळी वाचायला लागली, पण गॅलिक ॲसिडही कमी जोडलं जायला लागलं. दोन्ही एकाच चाकूच्या धारा. शेवटी अर्ध्या ग्रॅम कायटोसानला 50 मिली द्रावणात जेवढ्या पेरॉक्साइडनं साखळी बरीचशी शाबूत राहील आणि गॅलिक ॲसिडही मोजण्याइतकं बसेल, असा मध्य सापडला. अभिक्रियेपूर्वी द्रावणातून तासभर नायट्रोजन सोडायचा, वेळ 24 तास म्हणजे 24 तास, आणि शुक्रवारी काहीही सुरू करायचं नाही. शेवटचा नियम मी अजूनही पाळते.

मग डायलिसिस. न जोडलेलं गॅलिक ॲसिड धुऊन काढायला द्रावण एका अर्धपार्य, म्हणजे फक्त छोटे रेणू बाहेर सोडणाऱ्या, नळीच्या पिशवीत भरून, दोन्ही टोकांना क्लिप लावून, मोठ्या बीकरमधल्या पाण्यात सोडायचं. पिशवीची छिद्रं 12 ते 14 हजार डाल्टनची (डाल्टन हे रेणुभाराचं एकक). गॅलिक ॲसिडचा रेणुभार 170, ते सहज बाहेर पडतं, कायटोसान आत राहतं. पाणी दिवसातून तीनदा बदलायचं, आणि प्रत्येक वेळी जुन्या पाण्याचा थोडा नमुना घेऊन त्यात फोलिन अभिकर्मक आणि सोडियम कार्बोनेट घालायचं. फिनॉल, म्हणजे इथे गॅलिक ॲसिड, असेल तर निळा रंग येतो. पहिल्या दिवशीची परीक्षानळी शाईसारखी. दुसऱ्या दिवशी आभाळासारखी. मी रोजच्या नळ्या स्टँडवर ओळीनं मांडून ठेवायचे. चौथ्या दिवशी सकाळी नळीमागे पांढरा कागद धरून पाहिलं तरी निळं काही दिसेना, तेव्हा पिशवी उघडली. आता आत जे गॅलिक ॲसिड होतं ते बांधलेलंच होतं. आतल्या द्रावणाचा एक थेंब त्याच अभिकर्मकात टाकला. नळी निळीशार. त्या दिवशी दुपारी मी लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

द्रावण गोठवून त्यातलं पाणी काढणाऱ्या फ्रीझ ड्रायरमधून दोन-तीन दिवसांनी जे बाहेर येतं ते कापसासारखं हलकं, किंचित तपकिरी, आणि जेमतेम अर्धा ग्रॅमपेक्षा कमीच. म्हणजे आठवडाभराच्या खटाटोपातून एक फिल्म. त्यामुळे फिल्म ओतताना माझा हात थरथरायचा हे मी मान्य करते.

ओतण्याचं काम दिसायला सोपं असतं. एक टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये कायटोसान विरघळवायचं, वजनाच्या पाव हिस्सा ग्लिसरॉल घालायचं, मलमलीतून गाळायचं, बुडबुडे निघेपर्यंत ठेवायचं आणि 90 मिलिमीटरच्या पेट्री डिशमध्ये 25 मिली ओतून 40 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवायचं. ग्लिसरॉल नसेल तर फिल्म कडकडीत होते, घडी घालताच मोडते. जास्त झालं तर हाताला चिकटते. सुरुवातीच्या माझ्या सगळ्या फिल्म एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ. मायक्रोमीटरवर एका टोकाला 40 मायक्रॉन, दुसऱ्याला 90. मी ढवळण्याला, गाळण्याला, कायटोसानच्या बॅचला, सगळ्याला दोष देऊन झाला. लॅबमधले काका एक दिवस गवंडी वापरतात ती पाणसळ घेऊन आले, ओव्हनच्या जाळीवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमचा ओव्हनच कललाय." बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि चार महिन्यांचं कोडं सुटलं. काचेची डिश सोडून पॉलिस्टायरीनची घेतली तेव्हा सोलतानाही फिल्म फाटायची थांबली. कायटोसान काचेला सोडत नाही.

सोललेली फिल्म लगेच मोजायची नसते. मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात दोन दिवस ठेवली की आतली सापेक्ष आर्द्रता 25 अंशांना साधारण 53 टक्क्यांवर स्थिर राहते. सगळ्या फिल्म एकाच ओलीवर आल्या की मगच तुलना करायची. हे नियमानं पाळलं, आणि तरी पुढे याच ओलीनं मला फसवलं.

मग फिल्म रॅडिकल अडवते का हे तपासायला आला डीपीपीएच. हा एक अजब रॅडिकल आहे: नायट्रोजनवर एकटा इलेक्ट्रॉन, पण भोवती इतके अवजड गट की तो बाटलीत पावडर होऊन वर्षानुवर्षं राहतो. रसायनशास्त्रज्ञ गोम्बर्गची आठवण येते. 1900 साली मिशिगन विद्यापीठात त्याला ट्रायफिनाइलमिथाइल हा पहिला टिकाऊ सेंद्रिय रॅडिकल सापडला. शोधनिबंधाच्या शेवटी त्यानं लिहिलं की या क्षेत्रात पुढचं काम मलाच करू द्यावं. कोणीही ऐकलं नाही, हे बरंच झालं. तर डीपीपीएच मिथेनॉलमध्ये गर्द जांभळा दिसतो. 100 मिलीत साधारण 4 मिलिग्रॅम घातलं की 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण एकच्या थोडं वर येतं. अँटिऑक्सिडंटनं, म्हणजे रॅडिकल शांत करणाऱ्या पदार्थानं, हायड्रोजन दिला की जांभळा जाऊन पिवळा होतो. बघायला फार सुंदर. उजेडात मात्र आपोआपही फिका पडतो. पहिल्या दिवशी नळ्यांना फॉइल गुंडाळायला विसरले आणि नुसत्या मिथेनॉलच्या नळीतही मला अँटिऑक्सिडंट सापडलं.

खरा घोळ नंतरचा. तीन फिल्म होत्या: साधी, गॅलिक ॲसिड नुसतं मिसळलेली, आणि माझी बांधलेली. प्रत्येकीची एकसारखी चकती कापून जांभळ्या द्रावणात टाकली. अर्ध्या तासात मिसळलेलीची नळी पिवळी धमक. माझी? किंचित फिकी, पण जांभळीच. साधीपेक्षा थोडीच बरी. मी रडवेली होऊन मॅडमकडे गेले. एवढा आठवड्याआठवड्याचा खेळ करून नुसतं ढवळून घालणारा जिंकला!

"तुझी नळी फेकलीस का?" त्यांनी विचारलं.

फेकली नव्हती, फॉइलमध्ये तशीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहिली तर तीही बरीच पिवळी पडली होती.

कारण साधं होतं. कायटोसान मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, फुगतही नाही. नुसतं मिसळलेलं गॅलिक ॲसिड फिल्ममधून बाहेर पाझरत होतं आणि द्रावणात जाऊन डीपीपीएचला भेटत होतं. म्हणजे ती नळी फिल्मबद्दल काही सांगतच नव्हती, पाझरलेल्या गॅलिक ॲसिडबद्दल सांगत होती. माझं गॅलिक ॲसिड बांधलेलं, त्याला बाहेर पडता येत नव्हतं. डीपीपीएचचा अवजड रेणूच कडक फिल्मच्या आत हळूहळू शिरला तर भेट. मिथेनॉलमध्ये थोडं पाणी घालून तोच प्रयोग केला, फिल्म फुगली आणि वेळ पुष्कळ कमी झाला. तीच फिल्म, तोच रॅडिकल. द्रावक बदलला की आकडा बदलतो, घड्याळ कधी थांबवलं यावर आकडा बदलतो. इतके दिवस मी शोधनिबंधांतले तीस मिनिटांचे टक्के एकमेकांशेजारी ठेवून तक्ते बनवत होते. ते तक्ते काढून टाकले.

मला तेलाकडे जायची घाई झाली होती. पाऊच बनवायचे, त्यात तेल भरायचं, असं डोक्यात चित्र. सीलिंग मशिनच्या पट्ट्यांमध्ये फिल्म धरली, दांडा दाबला, धूर आला. कायटोसान वितळतच नाही, वितळायच्या आधी करपतं. त्यामुळे दोन थर उष्णतेनं एकमेकांना जोडता येत नाहीत. हे मला एक वर्षानंतर कळलं, आणि ज्यांना आधी माहीत होतं त्यांना वाटत होतं की मला माहीत आहे. शेवटी काचेच्या कुपीत तेल घेऊन तोंडावर फिल्म झाकणासारखी ताणून बसवली, कडेला सिलिकॉन ग्रीस.

तेलानंही एक धडा दिला. आणलेल्या तेलावर पहिल्या तीन आठवड्यांत कोणत्याच झाकणाखाली फरक दिसेना. वनस्पती तेलात स्वतःचं ई जीवनसत्त्व, म्हणजे टोकोफेरॉल, असतंच. माझ्या फिल्मला काही करायला वावच नव्हता. ॲल्युमिनाची पूड भरलेल्या नळीतून तेल थेंब थेंब गाळून टोकोफेरॉल काढलं, मग तेल लवकर बिघडू लागलं आणि प्रयोगाला अर्थ आला.

60 अंशांच्या ओव्हनमध्ये कुप्या. दर चार दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे तेलात किती हायड्रोपेरॉक्साइड साठलं त्याचं माप. तेलात ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्म, मग पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण, एक मिनिट अंधारात, मग पाणी. जेवढे पेरॉक्साइड तेवढं आयोडीन सुटतं. ब्यूरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं. पिवळा फिका पडला की स्टार्च टाकायचा, काळसर निळा होतो, आणि मग एकेक थेंब जपून, कारण निळा जाताना एका थेंबात जातो. माझ्या फिल्मखालचं तेल मागे राहिलं, उघड्या कुपीच्या कितीतरी मागे! मिसळलेल्या फिल्मखालचंही तसंच. आणि साध्या, गॅलिक ॲसिड नसलेल्या फिल्मखालचंही जवळपास तसंच.

हे शेवटचं वाक्य गिळायला मला आठवडा लागला. मधे तर एका कुपीचं मूल्य उतरलेलं दिसलं. मी आनंदानं मॅडमना बोलावलं. त्यांनी कुपी नाकाशी नेली आणि माझ्या हातात दिली. भयंकर वास. हायड्रोपेरॉक्साइड तयार होण्यापेक्षा फुटण्याचा वेग वाढला की हे मूल्य खाली येतं. तेल सुधारलेलं नसतं, पुढच्या पायरीवर गेलेलं असतं. त्यानंतर थायोबार्बिट्युरिक ॲसिडची चाचणीही जोडीला सुरू केली, तिच्यात फुटून झालेला मॅलोनडायअल्डिहाइड गुलाबी रंग देतो, 532 नॅनोमीटरला मोजायचा. नाकाशी ती जास्त जुळत होती.

मग साध्या फिल्मनं तेल कसं वाचवलं? ऑक्सिजन अडवून. कोरडी कायटोसान फिल्म ऑक्सिजनला चांगलीच अडवते, साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट विणलेल्या असतात. आणि 60 अंशांच्या ओव्हनमधली हवा कोरडी ठणठणीत. माझ्या प्रयोगाची मांडणीच तिच्या बाजूनं होती. कुप्या खोलीच्या तापमानाला, मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद डब्यात ठेवल्या, तिथे आर्द्रता 75 टक्के. चार दिवसांत झाकणं ढिली पडून मधे खोलगट झाली. पाणी साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना सैल करतं, वाट मोकळी होते. तेल खवटलं. गॅलिक ॲसिडवाल्या फिल्मखाली किंचित उशिरा, पण खवटलं.

त्या रात्री मी माझी जुनी जीवरसायनाची टिपणं काढली. पेशीपटलात टोकोफेरॉल किती असतं, तर हजार-दोन हजार लिपिड रेणूंमागे साधारण एक. इतक्या थोड्यावर भागतं कसं? एक तर त्याची लांब तेलकट शेपटी पटलाच्या आत रुतलेली असते. पेरॉक्सिल रॅडिकल जिथे धावतोय त्याच थरात ते उभं असतं. दुसरं, हायड्रोजन देऊन रिकामं झालं की पाण्याच्या बाजूनं क जीवनसत्त्व येऊन त्याला परत भरून देतं. आणि माझं गॅलिक ॲसिड? पाण्याची ओढ असलेलं, फिल्मला साखळीनं बांधलेलं, तेलापासून बोटभर वर, मधे हवा. साखळी अभिक्रिया तेलाच्या पोटात चालली होती आणि मी पहारेकरी छपराला बांधून ठेवला होता. जे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, ते स्वतःच्या कुपीत दिसायला दीड वर्ष लागलं.

नुसतं मिसळलेलं गॅलिक ॲसिड तरी तेलात उतरलं असतं का? नाही, ते तेलात फारसं विरघळत नाही. मिथेनॉलमध्ये धावत सुटलेलं तेलाच्या बाबतीत जागचं हललं नव्हतं. म्हणजे डीपीपीएचनं ज्याला विजेता ठरवलं, तेलाच्या दृष्टीनं तो आणि माझा एकाच रांगेत.

बांधलेल्या फिल्मचा उपयोगच नाही असं मात्र नाही. फिनॉलमुळे ती अतिनील प्रकाश बऱ्यापैकी गिळते, उजेडात ठेवलेल्या कुप्यांमध्ये तिचा फरक स्पष्ट दिसला. आणि पदार्थ फिल्मला थेट चिकटून असेल, वर पाणीदारही असेल, तर पृष्ठभागावर तिला काम करता येतं. मी शोधनिबंधात तेवढंच लिहिलं. परीक्षकानं विचारलं, तीन टक्के ॲसिटिक ॲसिडमधली स्थलांतर चाचणी, म्हणजे फिल्ममधलं काय आणि किती अन्नात उतरतं ते पाहणारी, का दिली नाही? युरोपीय नियमांत आंबट पदार्थांसाठी तेच द्रावण ठरवून दिलेलं आहे. उत्तर लिहिताना हसू आलं. त्या द्रावणात माझी फिल्म स्थलांतर काय करणार, ती मुळात तयारच तसल्या द्रावणात झाली होती. चकती टाकली होती. दुसऱ्या दिवशी चिमट्याला काही लागलं नाही.

सध्या फिल्ममध्ये टोकोफेरॉल घालून बघतेय. पाणीदार कायटोसानमध्ये ते मिसळत नाही, म्हणून तेल-पाणी एकत्र धरणारा पायसीकारक घालून होमोजिनायझर या घुसळणाऱ्या यंत्रातून काढावं लागतं. द्रावण दुधासारखं दिसतं. यातलं थोडं तेलात उतरावं अशीच यावेळी इच्छा आहे, म्हणून फिल्म तेलाला टेकवूनच ठेवलीय. पहिल्या तिन्ही फिल्मवर टोकोफेरॉलचे थेंब वर येऊन तेलकट डाग पडले. चौथी काल संध्याकाळी ओव्हनमध्ये ठेवली. ठेवण्याआधी पाणसळ लावून पाहिली, बुडबुडा मधोमध होता. काल गुरुवार होता.